मेंब्रेनवर (सच्छिद्र पडद्यावर) एन्झाइम ग्लुटाराल्डिहाइडनं (प्रोटीनचे रेणू एकमेकांना कायमचे जोडणाऱ्या रसायनानं) पक्कं बांधावं का? कारखान्यात काय चालतं?

बांधू नका. लाइपेज (एस्टर तोडणारं एन्झाइम) असेल तर मुळीच नको. याच मुद्द्यावरून माझं आमच्या साहेबांशी आठ महिने वाजत होतं, म्हणून लिहायला बसलो.

आमचं काम तुमच्यासारखंच. एका बाजूला टोल्युइनमध्ये एस्टर, दुसऱ्या बाजूला बफर (आम्लता स्थिर ठेवणारं पाणी), मधे पोकळ तंतूंच्या भिंतीत लाइपेज. हेच रिॲक्टरमध्ये ढवळलं की ताकासारखं पांढरं इमल्शन व्हायचं आणि रात्रभर ठेवूनही थर सुटायचे नाहीत. मेंब्रेननं ती कटकट संपवली. पण बफरमध्ये थोडं प्रोटीन दिसलं आणि साहेब म्हणाले, एन्झाइम गळतंय, ग्लुटाराल्डिहाइड फिरवा. मी म्हटलं, सैल असलेलं पहिल्या धुण्यात जाणारच, दोन दिवस थांबू. ऐकलं नाही. ॲक्टिव्हिटी त्याच दिवशी निम्म्यावर आली, सहाव्या आठवड्यात एन्झाइम पार मेलं. आणि मेलेलं निघेना! कॉस्टिक फिरवलं, उलटं धुतलं, काही उपयोग नाही. मॉड्यूल (तंतूंचा जुडगा भरलेली नळी) कापलं तर शेवयांसारखे पांढरे तंतू चहात बुडवल्यासारखे तपकिरी. एन्झाइमच्या कितीतरी पट महाग मॉड्यूल भंगारात गेलं, आणि अहवालात कारण पडलं 'मेंब्रेनची क्वालिटी'. ते वाक्य अजून सलतं.

जपानमध्ये तानाबे कंपनीनं १९९३ पासून डिल्टियाझेम या हृदयाच्या औषधाचं इंटरमीजिएट (मधल्या टप्प्याचं रसायन) अशाच तंतूंमध्ये बनवलं. सेराशिया मार्सेसेन्स या जिवाणूचं लाइपेज दाबानं तंतूच्या स्पंजासारख्या थरात ढकलायचं. पाणी पलीकडे जातं, एन्झाइम आतल्या दाट थराशी अडकतं. मेलं की उलटं धुवायचं, नवं भरायचं. नको असलेल्या आयसोमरपासून (एस्टरच्या आरशातल्या उलट्या रूपापासून) शेवटी अल्डिहाइड होतं, ते लाइपेजला मारतं. म्हणून बफरमध्ये बायसल्फाइट, ते अल्डिहाइडला धरून पाण्यात ओढतं. एन्झाइम टिकतं ते अशा उपायानं. टोल्युइनच्या बाजूचा दाब मात्र किंचित जास्त ठेवा, नाहीतर बफर पलीकडे झिरपतो.

हे सगळं दोन फेजच्या, म्हणजे टोल्युइन आणि पाणी अशा न मिसळणाऱ्या द्रवांच्या कामाबद्दल. पेनिसिलिनपासून ६-एपीए (नव्या पेनिसिलिनांचा कच्चा माल) बनवायचं तर सगळं पाण्यातच घडतं. तिथे पेनिसिलिन ॲसायलेज हे एन्झाइम दाण्यांवर पक्कं बांधतात आणि ते बरोबरच आहे, मेंब्रेनची गरजच नाही. मेंब्रेन परवडण्याचं गणित तुमचा माल काय भावानं जातो त्यावर. स्वस्त मालाला हा खर्च झेपत नाही.

तुमच्या गाइडना एवढंच विचारा: सर, एन्झाइम मेल्यावर मॉड्यूलचं काय करायचं? मी विचारलं होतं, तेव्हा साहेबांनी मीटिंग संपवली.