फिफ्थ व्हील सुटत नाही? आधी पिनवरचा ताण काढा

प्रश्न: ट्रेलर सोडताना हँडल जागचं हलत नाही, दोघांनी ओढलं तरी. लॉक बिघडलं असेल का?

बहुतेक वेळा लॉक ठणठणीत असतं, त्यावर ताण असतो. किंगपिन, म्हणजे ट्रेलरखालची जाड पिन, घोड्यावरच्या (ट्रेलर ओढणाऱ्या ट्रकवरच्या) फिफ्थ व्हीलच्या प्लेटच्या मागच्या खाचेतून आत शिरते आणि लॉकचा जबडा तिच्या मागे बंद होतो. त्यामुळे घोडा पुढे ओढत असला किंवा चढावर ट्रेलर मागे खेचत असला, की पिन जबड्यावर दाबून बसते. मग हँडल ओढणं म्हणजे अख्ख्या ट्रेलरशी कुस्ती.

शक्यतो सपाट जागा बघा आणि घोडा-ट्रेलर एका रेषेत आणा. ट्रेलरचे ब्रेक लावा, चाकांना ठोकळे द्या. ट्रेलरचे पाय (सुटा ट्रेलर पेलणारे पुढचे टेकू) जमिनीला टेकले की त्यांचं हँडल हळू गिअरमध्ये आणखी थोडं फिरवा. थोडं वजन पायांवर यायला हवं, पण ट्रेलर प्लेटवरून उचलला जाता कामा नये. आता घोडा अगदी सावकाश मागे घ्या. पिन टेकल्याचा हलका धक्का जाणवला की तिथेच पार्किंग ब्रेक लावा आणि मगच पायातला ब्रेक सोडा. चूक नेमकी इथे होते: गिअर काढला, पाय उचलला, आणि पार्किंग ब्रेक लागेपर्यंत घोडा दोन बोटं पुढे आला. तेवढ्यानं पिन पुन्हा जबड्यावर बसते. मागे घेताना ट्रेलरही सोबत सरकत असेल तर त्याचे ब्रेक धरत नाहीत. आधी ते बघा.

त्यानंतर हवेचे पाईप आणि लाईटची वायर काढून लॉकचं हँडल ओढा. काही हँडलना वेगळा सेफ्टी कॅच असतो, तो उचलल्याशिवाय ती बाहेर येतच नाहीत. हँडलला लांब पाईप घालून जोर लावू नका, हातोडाही नको. ताण एकदम सुटला तर हँडल झटक्यानं उलटं येऊन हाताला किंवा तोंडाला लागतं. ट्रेलरखाली तर कुणीच शिरायचं नाही.

प्रश्न: हँडल पूर्ण बाहेर येतं, तरी घोडा पुढे घेतला की ट्रेलर सोबत येतो.

हँडल उघडलं म्हणजे जबडा उघडलाच असं नाही. हँडल आणि जबड्यामधला दांडा वाकला, स्प्रिंग तुटली किंवा बिजागराची पिन झिजली, की हँडल पूर्ण येतं आणि जबडा अर्धवट राहतो. टॉर्च घेऊन मागच्या बाजूनं जबडा दिसतो का ते बघा.

दुसरं कारण उंची. जोडताना ट्रेलर जास्त उंच असला, तर पिनचा खालचा रुंद भाग जबड्यात न बसता त्याच्या वरच टेकून अडकू शकतो. प्लेट आणि ट्रेलर यांच्यात फट दिसली तर ते जोडणं चुकलंय. जोर लावू नका, पाय फिरवून उंची जुळवा.

घोड्याला एअर सस्पेन्शन (हवेच्या फुग्यांवरचं) असेल तर लॉक सुटल्यावर साधारण फूटभर पुढे जाऊन थांबा. प्लेट अजून ट्रेलरखालीच असताना सस्पेन्शनची हवा सोडा, आणि मगच पूर्ण बाहेर पडा. नाहीतर वजन उतरताच घोडा उसळतो आणि प्लेट ट्रेलरला धडकते.

प्रश्न: खडखड थांबावी म्हणून लॉक कसून घेतलं. आमचा ट्रेलर सुटतो, दुसरा मात्र अडकतो.

तुमच्या ट्रेलरची पिन झिजलेली दिसतेय. सर्वाधिक वापरात असलेल्या दोन इंची पिनची मान (जबडा धरतो तो बारीक भाग) नवी असताना 50.8 मिमी असते. ती 49 मिमीपर्यंत उतरली की पिन बदलायची. झिजलेल्या पिनवर लॉक जुळवलं, की पूर्ण जाडीच्या पिनवर ते घट्ट बसतं. म्हणून जुळवणी नव्या पिनवर किंवा नव्या पिनच्या मापाच्या टेस्टरवरच करावी, आणि कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या फेऱ्यांइतकीच. खडखडीचं मूळ पिनमध्ये असेल तर लॉक कसून ती फक्त झाकली जाते.

प्रश्न: वर भरपूर ग्रीस लावतो, तरी लॉक कडक का?

वरचं ग्रीस प्लेटसाठी असतं, जबड्यापर्यंत ते पोचत नाही. शिवाय जुन्या ग्रीसमध्ये माती मिसळून त्याचा दगडासारखा थर होतो. त्यावर नवं थापून काय उपयोग? घोडा मोकळा असताना जुनं सगळं खरवडून, डिग्रीझरनं धुऊन, सुकवा. मग जबडा, त्याचे सांधे आणि दांड्याच्या सरकत्या जागी लिथियम ग्रीस भरा. गंज सोडवायचा स्प्रे मारला असेल तर त्यानं आतलं ग्रीसही धुऊन निघतं, त्यामुळे त्यानंतर पुन्हा ग्रीस हवंच. शेवटी हँडल चार-पाच वेळा उघडमीट करा. ते दर वेळी पूर्ण आत परत गेलं पाहिजे.