आधी छेद पाहा: हवामानाशी जुळणाऱ्या इमारतींबद्दल वाचकांचे प्रश्न

हवामान बदलाला तोंड देणाऱ्या इमारतींबद्दल आलेल्या पत्रांतून या वेळी पाच प्रश्न निवडले आहेत. बऱ्याच पत्रांसोबत गाजलेल्या इमारतींचे फोटो होते. फोटोत दर्शनी बाजू दिसते. या इमारती काम कशा करतात ते मात्र छेदात, म्हणजे इमारत उभी कापली तर जे दिसेल त्या नकाशात कळतं. म्हणून उत्तरांत जास्त भर तिथेच आहे.

प्रश्न : मी वास्तुकलेच्या तिसऱ्या वर्षाला आहे. झिंबाब्वेतल्या हरारे शहराचं ईस्टगेट सेंटर वाळवीच्या वारुळावरून सुचलं आणि एसीशिवाय थंड राहतं, असं वाचलं. आमच्या प्रकल्पाची जागा दमट हवेची आहे. तिथे हीच पद्धत चालेल का?

नाही चालणार. का ते समजून घ्या, कारण सगळा धडा त्यातच आहे.

वास्तुकार मिक पियर्स यांनी अरुप कंपनीच्या अभियंत्यांना सोबत घेऊन केलेली ही इमारत १९९६ मध्ये पूर्ण झाली. हरारे समुद्रसपाटीपासून सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. दिवसा ऊन तापतं, पण रात्री हवा चांगलीच गार होते. सगळी रचना या फरकावर उभी आहे. रात्री पंखे बाहेरची गार हवा ओढून मजल्यांच्या पोकळ्यांतून फिरवतात. त्या पोकळ्यांत काँक्रीटचे दातेरी भाग आहेत, त्यामुळे हवेला टेकायला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि पहाटेपर्यंत काँक्रीट थंड होऊन बसतं. दिवसा पंख्यांचा जोर कमी केला जातो. थंड काँक्रीटवरून आलेली हवा खोलीत तळाशी शिरते, माणसांच्या आणि यंत्रांच्या उष्णतेने तापून वर चढते आणि छतावरच्या ४८ धुराड्यांतून निघून जाते. बाहेरच्या खिडक्या लहान आणि खोल सावलीत आहेत. पंख्यांना वीज लागते, त्यामुळे ही इमारत विजेशिवाय थंड होते असं तुमच्या अहवालात लिहू नका.

वारुळाबद्दलची समजूतही अशीच तपासून घ्या. स्कॉट टर्नर आणि रुपर्ट सोर या संशोधकांनी वारुळांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांना असं दिसलं की वाळवीच्या घरट्याचं तापमान मुख्यतः भोवतालच्या जमिनीवर ठरतं. वारूळ हवा खेळवून ते थंड ठेवत नाही. म्हणजे ज्या समजुतीवरून इमारत सुचली ती अपुरी होती, तरी इमारत चालते, कारण तिचं गणित हरारेच्या रात्रींवर मांडलेलं आहे.

दमट हवेत रात्रही उबदार असते. जड काँक्रीटला गार व्हायला वेळच मिळत नाही आणि दिवसभर साठवलेली उष्णता ते नेमकी झोपायच्या वेळी परत देतं. शिवाय घाम सुकत नाही, म्हणून अंगावरून वारा वाहणं तिथे सगळ्यात महत्त्वाचं. इमारत एका खोलीइतकी अरुंद ठेवा, खिडक्या समोरासमोर उघडा, छज्जे रुंद घ्या, छताला उष्णतारोधक थर द्या आणि छताच्या पंख्यांना कमी लेखू नका. रेखाटन सुरू करण्याआधी जागेच्या वर्षभराच्या तापमानाच्या तासागणिक नोंदी मिळवा. उन्हाळ्यात दिवस-रात्रीचा फरक दहा अंशांच्या पुढे असेल तर ईस्टगेटची वाट धरता येईल. चार-पाच अंशच असेल तर तो विचार सोडा.

प्रश्न : मातीचं बांधकाम पर्यावरणाला चांगलं म्हणतात. पण पावसात ते टिकतं का? आणि मातीची शाळा बांधा म्हटलं तर लोक त्याला गरिबीचं लक्षण समजतात.

तुमची दुसरी अडचण पहिलीपेक्षा मोठी आहे. तिचं उत्तर पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमधल्या गांडो गावात मिळालं. त्याच गावात जन्मलेल्या आणि बर्लिनमध्ये वास्तुकला शिकलेल्या फ्रान्सिस केरे यांनी शिकत असतानाच गावासाठी प्राथमिक शाळा आखली आणि ती २००१ मध्ये उभी राहिली. गावकऱ्यांनाही सुरुवातीला मातीबद्दल शंकाच होती. केरे यांनी मातीत थोडं सिमेंट मिसळून दाबलेल्या विटा वापरल्या, आणि त्या गावकऱ्यांनीच पाडल्या.

पण माझं लक्ष दरवेळी छताकडे जातं. पत्र्याचं छप्पर स्वस्त आणि पावसाला पक्कं, पण थेट वर्गावर घातलं तर खाली भट्टी होते. केरे यांनी वर्गावर विटांचं सच्छिद्र छत घातलं आणि पत्रा त्याच्या बराच वर, वेगळा उचलून धरला. पत्र्याला आधार आहे तो साध्या सळ्या कापून, जोडून केलेल्या हलक्या कैचीचा, म्हणजे छप्पर तोलणाऱ्या त्रिकोणी चौकटीचा. हातकरवत आणि लहान वेल्डिंग यंत्र एवढ्यावर ती तयार झाली. वर्गातली गरम हवा छिद्रांतून वर जाते, मधल्या मोकळ्या जागेतून वाऱ्याबरोबर निघून जाते, आणि पुढे आलेला पत्रा भिंतींवर पाऊस पडू देत नाही. एकाच छपराने ऊन आणि पाऊस दोन्ही सांभाळले. या शाळेला २००४ मध्ये वास्तुकलेचा आगा खान पुरस्कार मिळाला. केरे यांना २०२२ मध्ये प्रित्झकर हा वास्तुकलेतला सर्वात मानाचा समजला जाणारा पुरस्कार मिळाला. त्यानंतर मातीला गरिबीचं लक्षण म्हणणाऱ्यांना उत्तर देणं बरंच सोपं झालं आहे.

खूप पावसाचा प्रदेश असेल तर बांगलादेशातल्या रुद्रपूरची मेटी शाळा अभ्यासा. आना हेरिंगर आणि आइके रोसवाग यांची ही दुमजली शाळा. विटांचा पाया, त्यावर ओल अडवणारा थर, मग पेंढा मिसळलेल्या चिखलाच्या जाड भिंती, आणि वरचा मजला बांबूचा. मातीच्या भिंतीचा माथा आणि पाया कोरडे राहिले तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते. दोन्हींपैकी एक जरी भिजत राहिला, तर कुठलाही गिलावा तिला वाचवत नाही.

प्रश्न : झाडांनी भरलेले उंच टॉवर हे भविष्य आहे का?

माझ्या मते नाही. मिलानचे बोस्को व्हर्टिकाले हे स्टेफानो बोएरी यांचे दोन टॉवर २०१४ मध्ये पूर्ण झाले. त्यावर सुमारे ८०० झाडं आहेत आणि त्यामागचा अभ्यास खरोखर कसून केलेला आहे: झाडांची वाऱ्याच्या बोगद्यात चाचणी झाली, मुळं बांधून घेतली, छाटणीला दोरावरून उतरणारे माळी येतात. पण ओल्या मातीचं वजन बाहेर काढलेल्या छज्जांवर तोलायला जादा काँक्रीट आणि पोलाद लागतं, आणि ते बनवताना सुटलेला कार्बन पहिल्याच दिवशी हवेत गेलेला असतो. चार मजली इमारत बांधा आणि झाड जमिनीत लावा. सावली तीच मिळेल.

प्रश्न : काचेच्या दर्शनी भागाला आतून पडदे लावले तर पुरे ना?

नाही. ऊन काचेच्या आत आलं की बरीचशी उष्णता आतच राहते, पडदा मुख्यतः डोळ्यांवरची तिरीप थांबवतो. ऊन काचेबाहेरच अडवायला हवं. अबूधाबीच्या अल बहार टॉवर्सना (२०१२) यासाठी बाहेरून छत्रीसारख्या उघडझाप करणाऱ्या त्रिकोणी पाकळ्या आहेत, त्या सूर्याच्या जागेनुसार हलतात. साधा, न हलणारा छज्जाही खूप काम करतो, आणि त्याला फारशी दुरुस्ती लागत नाही.

प्रश्न : आमची वसाहत नदीकाठी आहे. पूर वाढत चालले आहेत. तरंगती घरं हा उपाय आहे का? की जुन्या इमारती पाडून उंच जोत्यावर नव्या बांधाव्यात?

तरंगती घरं काही ठिकाणी नक्कीच उपाय आहेत. नेदरलँड्समध्ये मासबोमेल इथे मास नदीच्या काठी २००५ च्या सुमारास उभयचर घरं झाली. एरवी ती जमिनीवर टेकलेली असतात. पाणी चढलं की पोकळ काँक्रीटच्या तळामुळे उचलली जातात, खांबांना धरून वर सरकतात, आणि नळजोड लवचीक असल्याने तुटत नाहीत. २०११ च्या पुरात ती खरोखर उचलली गेली. बांगलादेशात सैफ उल हक यांनी आर्केडिया शाळेसाठी हेच काम बांबू आणि वापरलेले पोलादी ड्रम घेऊन केलं. मारिना तबस्सुम यांची ‘खुदी बाडी’ त्याहून साधी: बांबूचा सांगाडा, पोलादी जोड, वर माळा. पूर आला की कुटुंब माळ्यावर जातं. काठच वाहून जायला लागला तर घर सोडवून दुसरीकडे उभं करतात.

पण तुमच्याकडे बहुमजली इमारती आहेत, त्या तरंगणार नाहीत. आणि पाडण्याची घाई करू नका. लाकातों आणि वासाल या वास्तुकारांनी ड्रुओ यांच्यासोबत पॅरिसमधला साठच्या दशकातला बोआ-ल-प्रेत्र टॉवर न पाडता त्याला बाहेरून नव्या जागेचा पट्टा जोडला. रहिवासी तिथेच राहिले, घरं मोठी झाली, आणि घर गरम ठेवायला लागणारी ऊर्जा जवळपास निम्म्यावर आली. जुन्या सांगाड्यात गेलेलं सिमेंट आणि पोलाद हे आधीच मोजलेलं मोल आहे. पाडलं की ते राडारोड्यात जातं आणि तेवढंच पुन्हा बनवावं लागतं. जोतं उंचावलं तर तुमचं पाणी शेजारच्या वस्तीत शिरेल, हाही प्रश्न आहेच.

पाण्यालाच जागा देता येते का ते आधी बघा. बँकॉकमध्ये कोच्चकोर्न वोराआखोम यांनी २०१७ मध्ये केलेलं चुलालाँगकोर्न शतकी उद्यान तीन अंश उतारावर आहे. पावसाचं पाणी हिरव्या छपरावरून पाणथळ पट्ट्यांतून खालच्या तळ्यात जमतं. तिथे सुमारे ३८ लाख लिटर मावतं.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. संरचना अभियंत्याकडून सांगाड्याची तपासणी करून घ्या. विजेचे मीटर, पंप आणि जनरेटर तळमजल्यावरून पहिल्या मजल्यावर हलवा. तळमजल्यावर घरं असतील तर त्यांना वर जागा द्या आणि तो मजला पाणी शिरून निघून जाईल असा मोकळा करा, भिंतींना सिमेंटचा गिलावा, जमिनीला फरशी. आवारातलं काँक्रीट उखडून तिथे खोलगट बाग करता येते का ते उतार मोजून ठरवा. हे सगळं करूनही सांगाडा कमकुवत निघाला, तरच पाडण्याचा विषय सभेपुढे आणा.