ऊसतोडीतलं बालपण आणि पेटी: एकट्यानं प्रयोग उभा राहील का?

तुम्ही विचारलंय की आई-बाप ऊसतोडीला जायचे, तुम्ही पुढं पेटीवादक झालात, आता त्यावर एकपात्री करायचाय; पण बोलणं आणि वाजवणं एकट्याला जमेल का, आणि लोक बघतील का?

जमेल. मी बीड जिल्ह्यातल्या धारूर तालुक्यातला. असाच प्रयोग करतो, म्हणून अनुभवाचं सांगतो.

आपल्याकडं एकपात्री म्हटलं की 'वऱ्हाड निघालंय लंडनला'वाले लक्ष्मण देशपांडे आठवतात. एकटा माणूस, ५२ पात्रं! मीही सुरुवातीला मुकादम, चिटबॉय (कारखान्याचा चिठ्ठ्या देणारा), ट्रकवाला, माय, बाप, सगळ्यांचे आवाज काढत होतो. पेटी नुसती दोन प्रसंगांच्या मधल्या जागा भरायला. ती माझी मोठी चूक होती. तुमच्या गोष्टीत पेटी नेमकी कुठं अडकलीय, ते आधी शोधा.

मला ते काकड्यात सापडलं. कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत देवळात पहाटे काकडा असतो, आणि नेमका त्याच दिवसांत टोळीचा ट्रक यायचा. मुकादमाकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेली, म्हणजे जाणं ठरलेलं. आषाढ-श्रावणात भजनात बसून जे शिकलो, ते काकड्याला वाजवायची वेळ आली की मी ट्रकमध्ये, भांड्याकुंड्यांवर बसलेला. लहानपणी एकदाही काकड्याला वाजवता आलं नाही. गुढीपाडव्याच्या आगंमागं परत यावं तर पाचटानं बोटं चिरलेली. भजनातले अण्णा पेटी उघडायच्या आधी म्हणायचे, "हात दाखव." करडईचं तेल चोळायचे आणि आठ दिवस नुसता भाता मारायला लावायचे. "बोटं राहू दे, आधी हवा सांभाळ."

त्या आठ दिवसांचं शिक्षण आज रंगमंचावर कामाला येतं. हातपेटीत डावा हात भात्यावर गुंतलेला असतो, त्यामुळं हातवारे करता येत नाहीत, ही तुमची अडचण बरोबर आहे. पण तिचाच उपयोग करा. मी खर्जातला सा धरून बोलतो (मधल्या सप्तकातला सूर शब्दांवर चढतो, तो टाळा). मायचा प्रसंग आला की उजवं बोट सा वर तसंच ठेवून डाव्या हातानं भाता सोडतो आणि कोयता उचलतो. भात्यातली हवा थोडा वेळ पुरते, सूर बारीक होत होत विरतो. तो पुरता विरेपर्यंत मी बोलत नाही. नाट्यगृहातही तेव्हा कुणी खोकत नाही.

पेटी प्रेक्षकांकडं पाठ करून ठेवू नका, आडवी ठेवा. बोटं आणि भाता दोन्ही दिसले पाहिजेत.

मायची ओवी मात्र पेटीवर घेऊ नका. मी खूप प्रयत्न केला. ओवीतला सूर एका जागेवरून दुसरीकडं घसरत जातो, पेटीच्या पट्ट्या तुटक. मींड निघतच नाही. याच उणिवेवर बोट ठेवून आकाशवाणीनं १९४० मध्ये पेटीला बंदी घातली होती, ती कित्येक वर्षं टिकली. ओवी कोरडी म्हणा, पेटी बंद ठेवून.

आता लोक बघतील का. पहिल्या प्रयोगात मी नुसतं दुःख सांगितलं. थंडीतली कोपी (आमची झोपडी), पहाटे तीनला फडात, बुडालेली शाळा. संपल्यावर एका भल्या माणसानं माझ्या हातात पाचशेची नोट ठेवली. मला रात्रभर झोप आली नाही. मी कलाकार म्हणून उभा होतो आणि त्यांना गरजू दिसलो. मग मी टायरगाडीत उसावर बसून गाणी म्हणणं घातलं, वाढे (उसाचे हिरवे शेंडे) विकून आलेल्या पैशातली भेळ घातली, मायचं टोळीतल्या बायांशी भांडण घातलं. दुःख तेवढंच राहिलं, पण माणसं पुरी दिसायला लागली.

शहरात एक गोष्ट समजावून सांगावी लागते, नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. आपल्या गावात हे वाक्य कापा.

आणि पहिला प्रयोग मोठ्या नाट्यगृहात नको. तुमच्याच गावच्या देवळापुढं करा, दसऱ्याच्या आत. नंतर केलात तर ज्यांची ही गोष्ट आहे, ती माणसं गावात नसतील.