पंपाची सवय लागते का?

प्रश्न : माझा नातू 7 वर्षांचा आहे. आम्ही घाटकोपरला चाळीत राहतो. मुलगा-सून कामाला जातात, तो दिवसभर माझ्याकडे असतो. पावसाळा लागला की रात्री खोकला, छातीत घरघर. डॉक्टरांनी बालदमा सांगून दोन पंप दिलेत, एक रोजचा आणि एक धाप लागली तर. खोकला थांबला की रोजचा पंप मी बंद करते. पण महिनाभरात पुन्हा दम लागतोच. म्हणजे सवय लागली ना? केळं, दही बंद केलंय. शेजारी म्हणतात, मृगाला हैदराबादला माशातून औषध देतात, तिकडे न्या. सून ऐकत नाही. काय करू?
– एक आजी

उत्तर : आजी, औषध थांबवलं की दम परत येतो हे तुम्ही अगदी बरोबर टिपलंत. पण ती पंपाची सवय नाही, तो आजारच आहे. खोकला थांबला तरी श्वासनलिकांना आतून आलेली सूज लगेच उतरत नाही. रोजचा पंप त्या सुजेवर काम करतो, आणि तोही हळूहळू. धाप लागल्यावरचा पंप फक्त आवळलेली नळी तेवढ्यापुरती सैल करतो. म्हणून मूल खेळतंय, हसतंय, त्या दिवसांतच रोजच्या पंपाची खरी गरज असते. तो कमी करायचा तो डॉक्टरांनी, दम काही महिने आटोक्यात राहिल्यावर, पायरीपायरीने.

रोजच्या पंपात स्टेरॉइड असतं, आणि ‘स्टेरॉइड’ या शब्दाची धास्ती माझ्याकडे येणाऱ्या जवळपास प्रत्येक घरात असते. मुलांच्या रोजच्या पंपातून बहुधा दिवसाला 100 ते 200 मायक्रोग्रॅम औषध जातं. दम उसळला की 20 किलोच्या मुलाला त्याच जातीचं औषध तोंडावाटे 20 मिलिग्रॅम किंवा जास्तही द्यावं लागतं, म्हणजे निदान शंभरपट. पंप टाळून आपण मोठा डोस ओढवून घेतो. उंचीचं विचाराल तर उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात (2012) रोज पंप घेतलेल्या मुलांची मोठेपणची उंची सरासरी 1.2 सेंटीमीटर कमी भरली. हे लपवायचं कारण नाही. पण रात्र-रात्र बसून श्वास ओढणारं मूल पाहिलं की मला हा सौदा मान्य होतो.

पंप स्पेसर (पंपाला जोडायचं पोकळ नळकांडं) लावूनच द्या, नंतर चूळ भरायला लावा. स्पेसर धुतल्यावर फडक्याने पुसू नका, तसाच वाळू द्या.

केळं-दही खाऊन त्याला त्रास झाल्याचं तुम्ही स्वतः पाहिलंय का? नसेल तर त्याला ते खाऊ द्या. बंद करायचीच तर डासांची कॉइल, धूप आणि घरातली विडी-सिगारेट बंद करा. भिंतीची ओल आणि झुरळं यांचाही बंदोबस्त करा. गरम पाण्याची वाफ दमा आवरत नाही, उलट पातेलं कलंडून भाजलेली मुलं आमच्याकडे येतात.

हैदराबादला जिवंत मरळीच्या पिल्लाच्या तोंडात औषध घालून ते गिळायला देतात. त्यात काय असतं हे देणारे सांगत नाहीत, आणि त्याने दमा जातो असा पुरावा नाही. माझं स्पष्ट मत आहे, नेऊ नका.

बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात असेल, एक वाक्य पुरं बोलताना दम तुटत असेल, ओठ निळसर दिसत असतील, तर सुनेच्या येण्याची वाट पाहू नका. धापेचा पंप स्पेसरने देत थेट रुग्णालय गाठा. पुढच्या भेटीला सुनेबरोबर तुम्हीही जा आणि किती फवारे, केव्हा, हे डॉक्टरांकडून मराठीत लिहून घ्या. त्याची एक प्रत शाळेतल्या बाईंनाही द्या.