गावात आपलं एकच ख्रिस्ती घर असलं तर बाळाचं अर्पण, बाप्तिस्मा आणि रोजची प्रार्थना

जय ख्रिस्त ताई,

तुमचा प्रश्न वाचला. मुलगा आठ महिन्यांचा, मुलगी पहिलीत, मिस्टर झेडपी शाळेत, अख्ख्या गावात आपलं एकच ख्रिस्ती घर आणि मंडळी, म्हणजे आपलं चर्च, तालुक्याच्या गावी. सासरचे अलायन्स मंडळीचे, ते म्हणतात बाळाचं अर्पण करा, माहेरचे सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) मंडळीचे, ते म्हणतात बाप्तिस्मा द्या. कार्यक्रम अमरावतीला हॉल घेऊन करायचा की गावात तेही ठरेना, आणि मुलगी तान्ह्या पोळ्याला, म्हणजे लेकरांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला, जायचा हट्ट धरून बसली आहे. मी दारव्ह्याकडे अशाच एकट्या घरात तीन लेकरं वाढवली, आता नातवंडं आहेत, म्हणून जरा लांबच लिहिते.

आधी बाप्तिस्म्याचं बोलू, कारण रुसवाफुगवी तिथंच आहे. अलायन्समध्ये लहान बाळाला बाप्तिस्मा देत नाहीत. बायबलमध्ये हन्नाने आपल्या मुलाला, शमुवेलाला, देवाच्या हवाली केलं तसं बाळ मंडळीसमोर आणून अर्पण करतात, आणि तो मोठा होऊन स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करतो तेव्हा पाण्यात उतरून बाप्तिस्मा घेतो. सीएनआयमध्ये बाळाचा बाप्तिस्मा होतो आणि मोठेपणी दृढीकरण, म्हणजे तोच विश्वास स्वतः कबूल करायचा विधी. पण तुमच्या आईला एक गोष्ट नक्की सांगा, की सीएनआय 1970 साली आपल्या नागपुरातच स्थापन झाली, आणि ज्या मंडळ्या तेव्हा एकत्र आल्या त्यांच्यात मोठेपणीच बाप्तिस्मा देणारे बाप्टिस्टही होते, त्यामुळे बाळाचा बाप्तिस्मा आणि मोठेपणीचा बाप्तिस्मा या दोन्ही पद्धती त्यांनी पहिल्यापासून मान्य केल्या आहेत. म्हणजे अर्पण केलं तर नातू माहेरच्या मंडळीच्या बाहेर गेला असं काही होत नाही. माझं मत विचाराल तर तुम्ही ज्या मंडळीचे सभासद आहात, जिथं दर रविवारी लेकरू शब्बाथ शाळेत बसणार आहे, तिथल्या रीतीनं करा. दोन्हीकडचं मन राखायला आज बाप्तिस्मा आणि मोठेपणी परत बाप्तिस्मा असं मात्र करू नका, त्यात पोरगंच गोंधळतं, आमच्या नात्यात हे झालेलं आहे आणि वीस वर्षांनी पुन्हा तेच भांडण निघालं.

कागदाचं एक सांगते, कारण आपल्या लोकांत अजून समज आहे की चर्चचा बाप्तिस्म्याचा दाखला शाळेत चालतो. 1 ऑक्टोबर 2023 नंतर जन्मलेल्या लेकरांना शाळा, आधार सगळीकडे जन्माचा दाखलाच लागतो. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर नोंद झालेलीच असेल, फक्त बाळाचं नाव त्यात चढवलं का ते बघा, वर्षाच्या आत फुकट चढतं. तुमच्याकडे चार महिने आहेत, नावावरूनही दोन घरांत वाद असेल तर तो आधी मिटवा!

आता कार्यक्रम कुठं करायचा. इथं मला मनापासून सांगायचं आहे बाई, अमरावतीचा हॉल घेऊ नका. अर्पण रविवारच्या उपासनेत मंडळीसमोरच होईल, ते बरोबरच आहे, पण उपकारस्तुतीची प्रार्थना आणि जेवण गावात करा, आपल्या अंगणात. हॉलमध्ये नातेवाईक येतील, फोटो छान निघतील. पण बाळाला सवा महिना मालीश करून आंघोळ घालणारी बाई तिथं येणार नाही. रात्री दुखायला लागल्यावर गाडीसाठी धावलेली आशाताई येणार नाही, अंगणवाडीची बाई येणार नाही, शेजारची आजी तर नाहीच नाही. आणि तुमचं लेकरू वाढणार आहे ते याच माणसांच्या हातावर. त्यांनी जर आपल्या घरचा एकही मोठा दिवस पाहिलाच नाही, तर आपण त्यांच्यासाठी कायम "ते मिशनवाले" राहतो, आणि लेकराला पण वाटायला लागतं की आपला देव शहरात राहतो, गावात राहतो तो दुसऱ्यांचा.

माझ्या मधल्या मुलाच्या वेळेस पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे पास्टर, एसटीनं आले होते. अंगणात सतरंज्या टाकल्या, ढोलकी-झांज घेऊन दोन भजनं झाली, मराठी भजन ऐकून रस्त्यानं जाणारे पण थांबले. साहेबांनी बाळाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि सगळे जेवायला उठणार तेवढ्यात मागं बसलेली शेजारची म्हातारी उभी राहिली न् म्हणाली, "साहेब, माही नात लय दिवसापासून तापानं पडली हाय जी, तिच्यासाठी बी मागा ना देवाले." साहेबांनी तिच्या नातीचं नाव विचारलं आणि तशीच उभ्यानं प्रार्थना केली, सगळं अंगण शांत. त्या पोरीला आम्हीच दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, टायफॉईड निघाला, बरी झाली. त्यानंतर आमच्या घरी काय चालतं असं कोणी कधी कुजबुजलं नाही, कारण सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं.

दिवस बाजाराचा धरा, त्या दिवशी मजुरी बंद असते म्हणून बाया घरी असतात, पण वेळ संध्याकाळची ठेवा, बाजार करून लोक परत आल्यावर. दसऱ्यानंतर कापसाची वेचणी लागली की कोणालाच फुरसत नसते, म्हणून त्याच्या आधीच उरका. जेवण साधं शाकाहारी ठेवा, आलू-वांग्याची भाजी, वरण-भात, पोळ्या, बुंदी, म्हणजे माळकरी माणूस पण पंगतीला बसेल. मटण नातेवाइकांसाठी दुसऱ्या दिवशी करता येतं.

रोजच्या प्रार्थनेबद्दल तुम्ही लिहिलं की मुलगी चुळबूळ करते, बाळ रडतं, सासरे रागावतात. ताई, मोठ्यांची कॉटेज मीटिंग, म्हणजे घरातली प्रार्थनासभा, आणि लेकरांची प्रार्थना वेगळी असते. आमच्याकडे जेवणाआधी असायची, जेवणानंतर पोट्टे ताटावरच पेंगतात. एक कडवं गायचं, चार-पाच ओळी वाचायच्या, मग प्रत्येकानं एकेक गोष्ट मागायची, शेवटी "हे आमच्या स्वर्गातील पित्या" सगळ्यांनी मिळून. एवढंच. माझी मोठी कितीतरी दिवस फक्त शेळीसाठी मागायची, शेळीला दोन पाठी, म्हणजे मादी पिल्लं, होऊ दे म्हणून, आणि माझे सासरे तिच्या प्रार्थनेला खणखणीत आमेन म्हणायचे. लेकराच्या मागण्यावर हसू नका न् तिला दुरुस्त करू नका. आणि वाचताना गावातलं दाखवा. "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे" हे तेविसावं स्तोत्र आमच्या पोरांना शेतात कळलं, उलंगवाडीनंतर, म्हणजे कापूस संपल्यावर, धनगराची मेंढरं शेतात बसवली होती, तो माणूस रात्रभर काठी घेऊन जागा होता आणि सकाळी लंगडं पिल्लू खांद्यावर टाकून निघाला. दुसरं काही समजावून सांगावंच लागलं नाही.

तान्हा पोळा. मी तर म्हणते जाऊ द्या. लाकडी बैलाला सजवून दोरी धरून दारोदारी फिरायचं न् बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायचा, यात लेकराला आनंद आहे, आणि बैलाचे उपकार मानणं काही वाईट नाही, आपणही त्याच्याच जिवावर ज्वारी खातो. आमच्या घरी नियम एवढाच होता की बैलाची पूजा करायची नाही. ते मी पोरांना आदल्या दिवशी घरी सांगून ठेवायची, म्हणजे चारचौघात ओढाताण नको. आणि आपल्या दारावर जे पोट्टे येतील त्यांना बोजारा हात राखून देऊ नका, भरून द्या.

प्रसादाचं जरा नाजूक आहे. बायबलमध्ये पौलानं करिंथकरांच्या पहिल्या पत्रात 8 व्या आणि 10 व्या अध्यायात यावरच लिहिलंय, ते तुम्ही दोघं नवराबायको एकत्र बसून वाचा आणि एक काय ते ठरवा. आपल्यातच काही घरं घेतात, काही घेत नाहीत. जे ठरेल ते ठरेल, पण आणणाऱ्या बाईचा हात रिकामा परत पाठवू नका, दोन शब्द गोड बोला, तिच्या वाटीत नाताळला करंज्या भरून द्या. लेकरं आपण काय सांगतो त्यापेक्षा आपण दारात कसे बोलतो तेच उचलतात.

सणांचं थोडक्यात. उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडे) बारा ते तीनची उपासना लहान बाळ घेऊन पूर्ण बसायचा आग्रह धरू नका, एप्रिलच्या उन्हात आपल्याकडे एसटीतच जीव जातो, एकानं जायचं एकानं घरी थांबायचं. त्यापेक्षा ईस्टरच्या पहाटेची उपासना चुकवू नका, एक दिवस आधी जाऊन कोणाकडे तरी मुक्काम करा, अंधारात उठून गाणी म्हणत जाणं पोरांना जन्मभर आठवतं. नाताळचा तारा बांबूच्या कामट्या आणि पतंगी कागदाचा घरीच करा, मुलीच्या वर्गातली चार पोरं बोलवा चिकटवायला, नाताळ गावचा व्हायला तेवढं पुरतं.

आणि तुमच्या आईला अर्पणाचा निरोप सासूबाईंकडून जाऊ देऊ नका, फोन तुम्ही स्वतः करा. घरच्या उपकारस्तुतीत शास्त्रवाचन आईकडे द्या, आणि बाळाला पहिल्यांदा पाळकसाहेबांच्या हातात तिनंच द्यावं असं तिला आत्ताच सांगून ठेवा.