१९६९ ची शेव्हेल एसएस ३९६: पॉलीग्लास बसवावेत की रेडियल?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मिशिगनमध्ये १९६९ ची शेव्हेल एसएस ३९६ ही शेव्हरलेची जुनी गाडी घेतली आहे, मूळच्या १४×७ एसएस रिम शाबूत आहेत आणि टायर बदलायचे आहेत. ऑगस्टमध्ये वुडवर्ड ड्रीम क्रूझला (डेट्रॉइटजवळच्या जुन्या गाड्यांच्या फेरीला) न्यायची, अधूनमधून हायवेवर शंभरेक मैल चालवायची, पुढेमागे शोमध्येही उभी करायची. मग एफ७०-१४ मापाचे जुन्या धाटणीचे टायर घ्यावेत की आजचे रेडियल?

माझं मत स्पष्ट आहे. चालवायला रेडियल घ्या, शोसाठी पॉलीग्लास, म्हणजे ते जुन्या धाटणीचे टायर, वेगळ्या रिमवर ठेवा. आणि जे टायर लावाल त्यांच्याप्रमाणे अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या. हे शेवटचं काम बहुतेक जण टाळतात आणि मग टायरला नावं ठेवतात.

त्याआधी सध्याच्या टायरच्या बाजूवर छापलेला डॉट कोड वाचा, त्यात टायर कधी बनला ते असतं. शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३१४ असेल तर २०१४ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे. कोड बाहेरच्या बाजूला अपुरा दिसला तर गाडीखाली जाऊन आतली बाजू बघा. दहा वर्षांपुढचा टायर नक्षी कितीही खोल असली तरी वापरू नका. रबर आतून वाळतं, पट्टा सुटतो, आणि तो हायवेच्या वेगात सुटला तर मागचं फेंडर फाडून जातो.

पॉलीग्लास हा बायस-बेल्टेड टायर. पॉलिएस्टरचे थर एकमेकांना तिरके छेदतात आणि त्यावर फायबरग्लासचा पट्टा असतो. आज केल्सी कंपनी गुडइयरच्या परवान्याने ते बनवते, आणि दिसायला ते खरोखर देखणे आहेत. पण त्याची साइडवॉल (टायरची बाजूची भिंत) आणि नक्षीचा भाग एकत्र हलतो. त्यामुळे वळणावर साइडवॉल दबली की नक्षीची एक कड रस्त्यावरून उचलते. ट्रकच्या चाकांनी रस्त्यावर चर पडलेले असतील तर गाडी त्या चरांच्या मागे जाते आणि स्टिअरिंग सतत सावरावं लागतं. ओल्या रस्त्यावर ब्रेक मारताना फरक सगळ्यात जास्त जाणवतो. रेडियलमध्ये धागे आडवे, रिमपासून रिमपर्यंत सरळ जातात आणि वर स्टीलचा पट्टा असतो. साइडवॉल लवते, नक्षी मात्र जमिनीला सपाट राहते.

मापात गफलत फार होते. तक्त्यांमध्ये एफ७०-१४ च्या बदल्यात बऱ्याचदा २१५/७०आर१४ लिहिलेलं असतं. त्याची उंची सुमारे २५.९ इंच भरते, आणि चाकाच्या कमानीत ते जरा बारीक दिसतं. २२५/७०आर१४ सुमारे २६.४ इंच आहे, म्हणजे मूळ टायरच्या अगदी जवळ. ७ इंची रिमवर ते व्यवस्थित बसतं आणि स्पीडोमीटरचा गिअर बदलावा लागत नाही. बीएफगुडरिच रेडियल टी/ए या मापात पांढऱ्या उठावदार अक्षरांसह येतो. त्याचं वेगाचं रेटिंग एस आहे, म्हणजे मर्यादा १८० किमी प्रतितास. क्रूझिंगला तो उत्तम. ट्रॅकवर जोरात पळवायला तो टायर नाही. लाल पट्टीचे रेडियलही मिळतात, पण ती पट्टी १९६६-६७ च्या एसएसवर शोभते. १९६९ वर पांढरी अक्षरंच हवीत.

आता अलाइनमेंट. दुकानदार संगणकातून १९६९ चे कारखान्याचे आकडे काढेल. ते बायस टायरसाठी आहेत: कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा पुढे-मागे कल) शून्याच्या आसपास किंवा किंचित उणे, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर कल) किंचित अधिक (+). स्टिअरिंग हलकं राहावं म्हणून तसे ठेवलेले. याच आकड्यांवर रेडियल लावले की गाडी सरळ रेषेत तरंगते आणि टायरची बाहेरची कड झिजते. दुकानदाराला कागदावर हे लिहून द्या: पॉवर स्टिअरिंग असेल तर कॅस्टर अधिक ३ अंश, साधं असेल तर दीड ते दोन, कॅम्बर उणे पाव ते उणे अर्धा अंश, टो-इन (चाकांची पुढची टोकं आत वळलेली असणं) एकूण १/१६ ते १/८ इंच.

या गाडीत वरच्या कंट्रोल आर्मचा (चाक वरून धरणाऱ्या भुजेचा) शाफ्ट फ्रेमला दोन बोल्टनी धरलेला असतो आणि मध्ये शिम, म्हणजे पातळ चकत्या, असतात. दोन्ही बोल्टांवर सारख्या शिम वाढवल्या की कॅम्बर उणेकडे जातो. फक्त मागच्या बोल्टवर वाढवली की कॅस्टर वाढतो. मूळ आर्मवर दोन अंशांच्या पुढे जाताना मागच्या बोल्टवर शिमांचा ढीग होतो आणि नटला पुरेसे आटे उरत नाहीत. तिथे थांबा, ऑफसेट शाफ्ट किंवा जास्त कॅस्टर दिलेले वरचे आर्म घ्या. आणि बॉल जॉइंट, टाय-रॉड, बुश ढिले असतील तर आधी ते बदला, नाहीतर अलाइनमेंटचे पैसे वाया जातात.

रिमही तपासा. टायर काढल्यावर नुसती रिम बॅलन्सरवर फिरवायला सांगा. एक मिलिमीटरपेक्षा जास्त उडत असेल तर बॅलन्सिंगसाठी कितीही शिशाची वजनं लावली तरी थरथर जाणार नाही. ही वजनं आतल्या बाजूला लावून घ्या, बाहेर लावली तर ट्रिम रिंग नीट बसत नाही. गाडीवर त्या काळचा हवेचा आकडा २४ पीएसआयच्या आसपास दिसेल. रेडियलला तो कमी पडतो. थंड टायरमध्ये ३० ते ३२ ठेवा.

पुढे रेडियल आणि मागे बायस असं कधीच करू नका. पुढचे टायर रस्ता धरतात, मागचे आधी सुटतात, आणि भिजलेल्या वळणावर गाडी गिरकी घेते. दोन पॉलीग्लास स्वस्तात मिळाले म्हणून हा मोह होतो, म्हणून मुद्दाम लिहिलं.

१७ इंची चाकांचाही विचार मनात येईल. खरी आधुनिक ग्रिप हवी असेल तर तोच मार्ग, कारण १४ इंचात जास्त वेगाचे टायर जवळजवळ उरलेले नाहीत. पुढे २३५/५०आर१७, मागे २५५/५०आर१७, पाच बोल्ट ४.७५ इंचांच्या वर्तुळावर. पण तुमच्या वापरासाठी मूळ एसएस रिम बाजूला काढून ठेवाव्यात असं मला वाटत नाही. गाडीचं अर्धं रूप त्या चाकांत आहे.

त्यापेक्षा त्याच पैशांत १४×७ रिमचा दुसरा संच शोधा आणि रेडियल त्याच्यावर चढवा. मूळ रिमवर पॉलीग्लास राहू द्या, ट्रेलरवरून शोला न्या. मूळपणाचे गुण देणारे परीक्षक टायरचं नाव आणि मापही बघतात, तिथे रेडियलला गुण जातात. पॉलीग्लासवर थोडं अंतर चालवायचंच असेल तर ताशी ५५ मैलांच्या आत, कोरड्या रस्त्यावर, पुढच्या गाडीपासून जास्त अंतर ठेवून.

चाकं बदलताना नट इम्पॅक्ट गनने आवळू देऊ नका. ७/१६ इंची स्टडला टॉर्क रेंचने ताऱ्याच्या क्रमाने, म्हणजे एक नट सोडून पुढचा असं, ७० फूट-पाउंड द्या आणि ५० मैलांनंतर पुन्हा तपासा.