जुन्या हायब्रिड गाडीत ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा मधूनमधून लागतो. बॅटरी बदलू की सेन्सर?

तुमची दहा-अकरा वर्षांची कॅमरी हायब्रिड आहे, ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा लागतो आणि आपोआप जातो, गॅरेजवाला हायब्रिड बॅटरी बदला म्हणतोय, मेव्हणे सेन्सर बदला म्हणतायत, आणि तोवर गाडी चालवू का, असं तुम्ही विचारलंय. आत्ता दोघांचंही ऐकू नका. हीच गाडी, हाच दिवा आणि हेच बॅटरीचं पालुपद मी अडीच महिने ऐकलंय, म्हणून लिहायला बसले.

आम्ही सांगलीचे, मार्केट यार्डात हळदीची अडत आहे. गाडी जुनीच घेतलेली, आणि ती बहुतेक मीच चालवते. जूनमध्ये पेठ नाक्याहून येताना आष्ट्याच्या अलीकडे मागचं चाक खड्ड्यात आदळलं आणि घसरत्या गाडीचं ते पिवळं चित्र पेटलं, शेजारी एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेचा दिवा. ब्रेक नीट लागत होते, गाडी ओढत होती. घरी येऊन बंद केली. सकाळी चालू केली तर दोन्ही दिवे गायब. चार दिवसांनी पाऊस झाला, पुन्हा तेच.

गॅरेजमध्ये नेली. त्या माणसाने गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाड वाचणारं स्कॅनरही न लावता सांगितलं, "मॅडम, हायब्रिड आहे ना, एवढी वर्षं झाली, बॅटरी संपली. अडीच लाखांची तयारी ठेवा." मी विचारलं, बॅटरी संपलीय तर ती फक्त पावसातच कशी संपते? त्यावर तो म्हणाला, "साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो." गाडी मी चालवते, पेट्रोल मी भरते, सर्व्हिसची सगळी बिलं माझ्या फायलीत आहेत. ते वाक्य आजही आठवलं की अंगाची आग होते.

या गाडीची मोठी बॅटरी निकेल मेटल हायड्राइडची, 244.8 व्होल्टची, मागच्या सीटच्या पाठीमागे असते. ती थकली तर पडद्यावर हायब्रिड सिस्टिम तपासा असा इशारा येतो, इंजिनचा दिवा लागतो आणि बहुतेक वेळा पी 0ए80 हा कोड, म्हणजे कॉम्प्युटरने नोंदलेला बिघाडाचा नंबर, सापडतो. इंजिनचा दिवा लागला की बऱ्याचदा ट्रॅक्शनचा दिवाही त्याच्यामागोमाग लागतो, हे खरं. पण इंजिनचा दिवा नाही आणि ट्रॅक्शनसोबत एबीएसचा लागतोय, म्हणजे शोध चाकाकडे घ्यायचा. चारही चाकांपाशी वेग मोजणारा एकेक सेन्सर असतो. एका चाकाची खबर येईना झाली की कुठलं चाक घसरतंय हे कॉम्प्युटरला ठरवता येत नाही, मग तो एबीएस आणि ट्रॅक्शन दोन्ही बाजूला ठेवतो.

लहान बॅटरी मात्र तपासा, डिकीतली 12 व्होल्टची. हायब्रिडमध्ये नेहमीसारखा स्टार्टर नसतो, त्यामुळे ती मरायला टेकली तरी गाडी घरघरत नाही, पत्ता लागत नाही, आणि नको नको ते दिवे पेटतात. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी 12.6 च्या आसपास दाखवली तर चांगली, 12.2 च्या खाली गेली तर संशय घ्या. माझी ठणठणीत होती.

आता माझा थोरला भाऊ. दादाकडे मोबाइलला जोडायचं स्वस्तातलं स्कॅनर आहे. त्याने लावलं, म्हणाला, "कोडच नाही, म्हणजे फॉल्टच नाही." ती स्वस्त यंत्रं बहुतेक इंजिनच्या कॉम्प्युटरचंच वाचतात, ब्रेकच्या कॉम्प्युटरपर्यंत पोचतच नाहीत, हे त्याला मी आजवर पटवू शकलेले नाही. वर त्याने एबीएसचा फ्यूज काढायला सुचवलं, कारण त्याच्या डिझेल गाडीत त्याने तेच केलंय आणि दिव्याचा त्रास गेलाय म्हणे. मी हात लावू दिला नाही. या हायब्रिडमध्ये ब्रेकच विजेवर चालतात. पेडल दाबल्यावर किती जोर मोटरकडून घ्यायचा आणि किती ब्रेकच्या तेलातून द्यायचा हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि एबीएस, ट्रॅक्शन त्याच यंत्रणेत आहेत. तिथला फ्यूज काढणं म्हणजे ब्रेकशीच खेळ. यावरून आमचं कडाक्याचं भांडण झालं. "तुला गाडीतलं काय कळतं" हे तेव्हा दुसऱ्यांदा ऐकलं.

मला हिशेब कळतो. मी रोजमेळाच्या मागच्या पानावर तारखा टाकायला लागले. दिवा कधी लागला, पाऊस होता का, रस्ता कसा, वळण कुठलं. सव्वादोन महिन्यांत 11 नोंदी झाल्या. त्यातल्या 9 पावसात किंवा गाडी धुतल्यानंतरच्या होत्या आणि जवळजवळ सगळ्या खड्ड्यात आदळल्यावरच्या. हायवेला कोरड्या रस्त्यावर एकदाही नाही.

ते पान घेऊन मी कुपवाडला एका वायरमनकडे गेले. साठीचा माणूस, टपरीएवढं दुकान, पण स्कॅनर ब्रेकचा कॉम्प्युटर वाचणारं. आम्ही त्यांना मामा म्हणतो. त्यांनी आधी गाडी बघितलीच नाही, ते पान वाचलं, दोनदा. मग कोड काढला, सी 0215, म्हणजे मागचं डावं चाक. लगेच सेन्सर मागवला नाही. मला गाडी वीसच्या वेगाने चालवायला लावली आणि स्वतः शेजारी स्क्रीन धरून बसले. चार चाकांचे चार आकडे सोबत चालले होते. एमआयडीसीतल्या एका खड्ड्यात गाडी आदळली आणि तीन आकडे 20 वर राहिले, चौथा शून्यावर आला.

"वैनी, सेन्सर न्हाई, तार हाय. हितं बघा."

चाक उतरवलं. शॉकअबसॉर्बरशेजारून जाणारी तार क्लिपमधून सुटून लोंबत होती आणि एका जागी घासून तिचं वरचं आवरण फाटलं होतं. मामांनी ब्लेडने तिथनं पुढे अर्धी वीत सोललं. तांब्याचा रंगच नव्हता आत. पितळेच्या भांड्याला चढतो तसा हिरवा कळंक, बोटाने चोळला की भुकटी होणारा. पाणी फाटलेल्या जागेतून शिरून आवरणाच्या आतून वर चढत गेलं होतं. वर्षभरापूर्वी मागचे शॉकअबसॉर्बर बदलले होते, तेव्हा ती क्लिप कुणीतरी लावलीच नाही. बॅटरी सांगणारं गॅरेज तेच.

लखलखीत तांबं लागेपर्यंत तार कापली, नवा तुकडा डाखला, वर गरम करून आवळणारी नळी घातली, क्लिप बसवली. 650 रुपये झाले. पुढचा अख्खा पावसाळा दिवा लागला नाही.

तेव्हा तुम्ही आधी तारखा लिहा, ब्रेकचा कॉम्प्युटर वाचणारं स्कॅनर असलेला माणूस शोधा आणि त्याने कोड लिहून घ्यायच्या आधी कुणाला पुसू देऊ नका. कोड चाक सांगतो, पार्ट सांगत नाही. तुमचे मेव्हणे निम्मे बरोबर असतील, पण सेन्सर विकत घ्यायच्या आधी तार आणि कनेक्टर उघडून बघा. मीटरने ओहम (विजेला होणारा अडथळा) मोजून सेन्सर मेला म्हणणाऱ्याकडून उठून या, हल्लीचे सेन्सर तसे मोजता येत नाहीत.

तुमचं कारण माझंच असेल असं नाही. एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर असला, बेअरिंग गेलं असलं, तरी हेच दिवे लागतात. नारिंगी रंगाच्या तारांना घरी कुणी हात लावू नये, त्यात जीव घेणारा विजेचा दाब असतो. गाडी चालवू का, तर फक्त पिवळे दिवे असतील आणि पेडल नेहमीसारखं असेल तर मी गॅरेजपर्यंत सावकाश चालवली असती, पावसात घाटात नेली नसती. लाल ब्रेकचा दिवा लागला, सतत बीप वाजायला लागलं किंवा पेडल कडक वाटलं तर बाजूला घ्या आणि गाडी उचलून न्या.

दादाच्या गाडीचा तो फ्यूज अजून त्याच्या डॅशबोर्डच्या खणात पडलाय. गणपतीला तो पोरांना घेऊन आंबा घाटाने कोकणात उतरणार आहे. हे उत्तर त्याला पाठवतेय. दादा, जायच्या आधी एक दिवस गाडी कुपवाडला दे, मामांना मी सांगून ठेवलंय.